तुर्की फोरमन आणि माझं गोत्र

तो तुर्की आहे हे ओमानमध्ये कुणालाही पटत नसे. टपरीवरचा मल्याळी त्याच्याशी अरबीत बोलायचा, पेट्रोल पंपावरचा म्हातारा ओमानी स्वाहिलीत. तो दोघांनाही छातीवर हात ठेवून सांगायचा, "तुर्की, तुर्की." मल्याळी हसायचा आणि म्हातारा चिडायचा, कारण म्हाताऱ्याला वाटायचं की हा आपल्यातलाच असून आपली भाषा बोलायला लाजतोय. दिसायला तो काळाभोर, रुंद खांद्यांचा, केस बारीक कुरळे. मस्कतच्या कुठल्याही रांगेत उभा केला असता तर आफ्रिकेतल्या झांझिबारहून परत आलेल्या एखाद्या ओमानी घरातला वाटला असता. कॅम्पवरचे बाकीचे तुर्क गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. ते त्याला 'अरब' म्हणून हाक मारत. त्यांच्याकडे काळ्या माणसाला तसंच म्हणतात म्हणे. इथले खरे अरब मात्र त्याला अरब मानायला तयार नव्हते. एवढं सगळं होऊन माणूस जेवणाच्या डब्याशी एकटा बसायचा, यात नवल काय?

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी मस्कतला आलो. ज्या दिवसांबद्दल सांगतोय तेव्हा मला तिथे सात-आठ वर्षं झाली होती. निझव्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू होतं आणि मी त्यावर सर्व्हेअर होतो. शनिवार ते बुधवार कॅम्प, बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या गाडीने अल हैलला माझ्या खोलीवर. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. लोक सुट्टीची वाट बघतात, मला तिची धास्ती वाटायची. बायको आणि मुलगा चिपळूणला. कपडे धुऊन, भात लावून, घरी फोन करून झाला तरी घड्याळात सकाळचे अकराच वाजलेले असायचे. समुद्र चालत दहा मिनिटांवर होता. पण एकट्याने समुद्र बघायला माणूस किती वेळा जाणार?

या एकटेपणावर मला एकच उतारा सापडला होता, तो म्हणजे आमच्या साहेबांचं घर. साहेब पुण्याचे, प्रोजेक्ट मॅनेजर, अल खौदला बायको आणि दोन मुलींसह राहायचे. शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला. साधं वरण, भात, तूप, लिंबाची फोड. वहिनी आग्रह करायच्या, "भावजी, लाजू नका हो, तुमच्यासाठीच केलंय." मुली आपसात इंग्रजीत भांडायच्या आणि माझ्याशी अडखळत मराठी बोलायच्या. त्या घराच्या दारात चपला काढल्या की मला आपण कुणाचेतरी आहोत असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, आठवडाभर मी त्या दुपारवरच जगायचो.

पहिल्याच भेटीत साहेबांनी आडनाव विचारलं आणि ते ऐकून खूश झाले. "अरे वा, रत्नागिरीकडचा म्हणजे आपल्यातलाच की!" माझे वडील प्राथमिक शिक्षक. गाव सोडून चिपळूणला आले तेव्हा भाड्याने खोली मिळेना, म्हणून त्यांनी जुनं आडनाव टाकून गावाच्या नावापुढे 'कर' लावला. खोली मिळाली. तेच आडनाव घेऊन मी ओमानपर्यंत आलो होतो. साहेबांना मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. भाताचा घास जरा मोठा घेतला, एवढंच.

पुढे गणपतीत आरतीनंतर वहिनींनी सहज गोत्र विचारलं. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, हे मी शाळेत कुठेतरी ऐकलं होतं. "काश्यप," मी ठोकून दिलं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलून घराला या सगळ्या जंजाळातून बाहेर काढलं होतं, आणि त्यांचा शिकलेला नातू एका मोदकासाठी पुन्हा गोत्र लावून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणणाऱ्याने ती वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली नसावी, नाहीतर हात किती दुखतो तेही सांगितलं असतं.

अल हैललाच, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, आमची आठ-दहा कुटुंबं एप्रिलमध्ये जयंतीला एकत्र जमायची. इंजिनिअर, बँकेतले, ऑफिसांतले लोक. मला दोनदा निरोप आला आणि दोन्ही वेळा मी साइटवर काम काढलं. तिथे कुणी साहेबांच्या ओळखीचं निघालं तर? चोराच्या मनात चांदणं.

तर हा तुर्की फोरमन. डांबराचा थर पसरणारं मशीन त्याच्या ताब्यात होतं आणि थराची पातळी बघणं माझ्याकडे, त्यामुळे दिवसभर आम्ही एकमेकांच्या मागेपुढे. नव्या टप्प्याचं काम सुरू होताना साहेब मशीनसमोर नारळ फोडायचे. तेव्हा हा टोपी काढून बाजूला उभा राहायचा, मग बिस्मिल्ला म्हणून मशीन सुरू करायचा, आणि खोबऱ्याचा तुकडा आवडीने मागून घ्यायचा. आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी, साइटवरचं हिंदी आणि हातवारे. इथे मी सगळं मराठीत लिहितोय म्हणून ते सरळ वाटेल. साबण, मैदान, हवा, दुनिया असे शब्द दोघांच्या भाषांत निघाले की लॉटरी लागल्यासारखे हसायचो.

एका गुरुवारी त्याचं मस्कतला मेडिकल होतं. ते उरकून तो माझ्या खोलीवर जेवायला आला. हात धुतले आणि टॉवेल शोधताना त्याने माझं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला मी एक फोटो चिकटवलेला होता. निळा कोट, लाल टाय, चष्मा. बाहेर भिंतीवर लावायची माझी हिंमत नव्हती.

"तुझे वडील?" त्याने विचारलं.

"वडीलच," मी म्हटलं. "फक्त माझे नाहीत. आमच्या सगळ्यांचे."

"सगळ्यांचे म्हणजे कुणाचे?"

ओमानमध्ये हा प्रश्न मला इतक्या साधेपणाने कुणी विचारला नव्हता. आणि विचारणाऱ्याला जातीतलं ओ का ठो माहीत नव्हतं. मी सांगायला बसलो. आजोबा रिकामा हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभे राहायचे आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं, ते सांगितलं. मेलेली ढोरं ओढण्याचं सांगितलं. आडनावाचं सांगितलं, काश्यप गोत्राचंही सांगितलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भात खाली लागला, तरी मी बोलतच होतो. इतक्या वर्षांत मी इतकं बोललो नव्हतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पण त्यांना कळायचं कसं? तू तर तुझ्या साहेबासारखाच दिसतोस."

"गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं."

"आणि इथे?"

"इथे नाही."

"नशीबवान आहेस," तो म्हणाला. "तुझं लपतं. माझं लपत नाही." लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आपण काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं.

मग त्याने आपलं सांगितलं. त्याचं गाव इझमीरजवळ, कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतांचं. पणजीला लहानपणी आफ्रिकेतून जहाजातून आणून विकलं होतं. कुठून आणलं, ते कुणाला ठाऊक नाही. तिला स्वतःला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. पुढे देशात सगळ्यांना आडनाव घ्यायला लावलं तेव्हा कारकुनाला सुचलं ते त्याने लिहिलं, तेच यांचं आडनाव. मी मराठी माणूस, सवयीने विचारलं, "पण मूळ गाव कोणतं?" तो म्हणाला, "जहाज."

त्याच्या आजीच्या काळी वसंतात त्यांचा एक सण असे, वासराचा. वासरू रंगीत कापडांनी सजवायचं, ढोल वाजवत दारोदार फिरवायचं, मग कापून सगळ्यांनी मिळून जेवायचं. हे सगळं चालवायची एक वयस्क, मानाची बाई असे, तिला ते गोद्या म्हणत. त्याची आजी शेवटची. तिच्यानंतर त्याच्या वडिलांनी सण बंद केला. का, म्हणून मी विचारलं. "लोक हसायचे," तो म्हणाला. मला माझे वडील आठवले. त्यांनी आडनाव बदललं ते दुसऱ्याच कारणाने, पण लोकांचं तोंड दोन्हीकडे सारखंच.

ओमानला येताना तो मनात काहीतरी घेऊन आला होता. इथे रस्त्यावर, मशिदीत, दुकानात त्याच्यासारखे चेहरे. आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये कुणी वळून बघेना. पहिला महिनाभर तो नुसता बाजारात फिरायचा. पण तोंड उघडलं की संपलं. साइटवर पाण्याच्या टँकरचा एक म्हातारा ओमानी ड्रायव्हर होता, तोही काळाच, आफ्रिकेत जन्मलेला. त्याला आपल्या सात पिढ्यांची नावं पाठ होती. त्याने एकदा मायेने विचारलं, "बाबा, तू कुणाचा?" याने बापाचं नाव सांगितलं, आजोबाचं सांगितलं आणि थांबला. म्हातारा वाट बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खादिमांच्या घरातला." खादिम म्हणजे नोकर, आणि तिकडे त्याचा अर्थ कुणाचातरी गुलाम. म्हातारा वाईट बोलला नव्हता, डॉक्टर दुखणं सांगतो तसं त्याने सांगितलं होतं. पण त्यानंतर हा बाजारात फिरायचा बंद झाला.

आमचं बोलणं मात्र वाढलं. तो मला 'भाऊ' म्हणू लागला, हिंदीतून, 'भाई'. कॅम्पवर सगळेच सगळ्यांना भाई म्हणतात, पण हा म्हणताना थांबून म्हणायचा.

एक दिवस तो डब्याशी येऊन बसला आणि त्याला काय करू नि काय नको असं झालं होतं. घरून फोन आला होता. कुणीतरी माणसं गावोगाव फिरून त्यांच्या म्हाताऱ्यांना विचारत होती, तुमची आजी कुठली, तुम्ही काय गायचात, काय खायचात. त्यांची एक संस्था निघाली होती. आणि वासराचा सण पुन्हा होणार होता, इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर. गोद्याचा नातू म्हणून याला बोलावणं होतं. त्याने रजा टाकली.

"आणि तुमचा सण? एप्रिलमध्ये म्हणालास ना? मी परत आलो की मला घेऊन चल," तो म्हणाला. मी म्हटलं, "इन्शाल्ला." गल्फमध्ये 'नाही' म्हणायचं नसलं की हाच शब्द वापरतात.

त्याच सुमारास रस्त्याचा एक मोठा टप्पा पूर्ण झाला आणि साहेबांनी घरी सत्यनारायण घातला. शुक्रवारी दुपारी साइटवरचे दहा-बारा जण जेवायला होते. साहेबांनी फोरमनलाही आवर्जून बोलावलं. "इतकं काम केलंय त्याने, आलाच पाहिजे." माणूस म्हणून साहेब चांगले होते, हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. दारात बूट काढले, मुलींसाठी चॉकलेटचा डबा आणला. माझ्याशेजारी मांडी घालून बसला आणि शिरा दोनदा मागून खाल्ला. वहिनींना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी हिंदी-इंग्रजीत विचारपूस सुरू केली. रजा कशासाठी? मग त्याने वासराच्या सणाचं, सजवण्याचं आणि ढोलाचं सांगितलं. सगळे हात धुवायचे थांबून ऐकत होते. पणजीला विकलं, हे आलं तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती भयंकर," त्या म्हणाल्या. "माणसांना असं वागवायचं!"

"याच्या लोकांनाही," तो म्हणाला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "याच्या आजोबांना विहिरीवर पाणी घेऊ देत नव्हते. मॅडम, याने मला सगळं सांगितलंय. आमचं सारखंच. आम्ही दोघे भाऊ."

मला त्याचा राग आला नाही. त्याने काही वाईट केलंच नव्हतं. ज्या घरात मला घरच्यासारखं वागवतात तिथे मी आपल्याबद्दल सांगितलेलं नसेल, असं त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. गोत्राची गोष्ट मी त्याला हसत हसत सांगितली होती, तीही त्याने आमची जुनी थट्टा म्हणूनच घेतली असावी. साहेब माझ्याकडे बघत होते. वहिनीही.

आणि मी हसलो.

"अहो नाही हो वहिनी," मी म्हटलं. "गोंधळ झालाय त्याचा. मी त्याला आमच्या गावातल्या त्या लोकांबद्दल सांगत होतो. इंग्रजी कच्चं आहे ना त्याचं." मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हणालो, "मी नाही रे. गावातले दुसरे लोक. तुला नीट कळलं नाही." हे म्हणतानाही मी हसतच होतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"हो," तो वहिनींना म्हणाला. "माझं इंग्रजी वाईट आहे. सॉरी, मॅडम."

"तरीच!" साहेब म्हणाले. "म्हटलं, इतकी वर्षं हा आपल्यात..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वहिनी घाईघाईने म्हणाल्या, "आणि असतं तरी काय झालं असतं? आम्ही कुठे असलं मानतो?" त्या मनापासून म्हणाल्या असतील. मी 'हो' म्हटलं असतं तर कदाचित खरोखरच काही झालं नसतं, पुढच्या शुक्रवारी मला तसंच जेवायला बोलावलं असतं. ते कळायची एकच संधी होती आणि ती मी घालवली. वहिनींनी मला शिऱ्याची आणखी एक मूद वाढली आणि मी ती खाल्ली.

तो पुढच्या आठवड्यात रजेवर गेला तो आलाच नाही. कंपनीने त्याला तिकडूनच दुसऱ्या देशातल्या कामावर पाठवल्याचं कळलं. सण कसा झाला, वासरू कुणी धरलं, ढोल वाजवणारं कुणी उरलं होतं का, मला काहीच माहीत नाही. नंबर होता. मी फोन केला नाही. अल खौदला मात्र मी पुढची चार वर्षं, ओमान सोडेपर्यंत, जात राहिलो. वहिनींनी कधी तो विषय काढला नाही. वरण तेच होतं, तूप तेच होतं. पण आता जेवताना माझं लक्ष सारखं दाराकडे असायचं, आणि परत खोलीवर आल्यावर मला सकाळपेक्षा जास्त एकटं वाटायचं.

पण त्या शुक्रवारचं अजून थोडं सांगायचं राहिलंय. संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या पिकअपमधून कॅम्पवर परत निघालो. तो गाडी चालवत होता. ऊन डोंगरांवरून उतरत होतं आणि समोरून येत होतं, म्हणून त्याने काच झाकायची पट्टी खाली ओढली. माझ्या मांडीवर वहिनींनी दिलेला शिऱ्याचा डबा होता. 'माफ कर' हे दोन शब्द मी मनात दहा वेळा इंग्रजीत जुळवले.

तोच आधी बोलला. रागाने नाही. मुलीबद्दल बोलला. त्याला मुलगी आहे हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. ती इझमीरला कॉलेजात होती. आईवर गेलेली, उजळ. मागच्या रजेत तो गावाहून अंजिरांची पिशवी घेऊन, न कळवता, तिच्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. मैत्रिणींनी विचारलं, हा कोण?

"ती हसली," तो म्हणाला. "म्हणाली, आमच्या शेतावरचा गडी आहे. पिशवी घेतली, मला थँक यू म्हणाली आणि गेली. तू आज हसलास ना, अगदी तसंच."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. आम्हीच केलेला रस्ता, कुठे एक खड्डा नाही.

"मी तिच्यावर रागावलो नाही," तो म्हणाला. "लहान आहे. एकोणीस वर्षांची." मग जरा थांबून, खरंच माहीत नसल्यासारखं, त्याने विचारलं, "तू किती वर्षांचा, भाई?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं.